खांबाची चौथी बाजू

नोकरीत असताना 'मी ठसे घेतो' असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस जरा मागं सरायचा. त्याला वाटायचं, मी पोलीस खात्यात आहे. औंढ्याच्या गाडीत एकदा माझ्या मांडीवरची कागदाची लांब गुंडाळी आणि पायाशी ठेवलेले ब्रश बघून कंडक्टरनं हळूच विचारलं होतं, "कोणत्या गावाला झाला हो खून?"

खून नाही, शिलालेख, असं मी म्हणालो. तो निराश झाला. तिकीट फाडून पुढं गेला.

तर आधी हे काम काय असतं ते सांगतो. दगडावर कोरलेली जुनी अक्षरं जागेवर वाचणं फार अवघड. ऊन वरून पडलं की ती दिसेनाशी होतात, खरवडलेला दगड आणि कोरलेलं अक्षर यांत फरक कळत नाही. म्हणून त्यांचा ठसा घ्यायचा. दगड पाण्यानं आणि मऊ ब्रशनं स्वच्छ धुवायचा. भिजवलेला कागद त्यावर पसरायचा. मग राठ केसांच्या ब्रशनं तो हळूहळू ठोकत जायचा, अक्षराच्या खाचेत कागद बसेपर्यंत. अर्धवट वाळला की कापसाची पुरचुंडी काळ्या शाईत बुडवून, निथळून, कागदावर टेकवत न्यायची. उंच भागाला शाई लागते, खाचेत गेलेला कागद पांढरा राहतो. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. कागद पुरता वाळला की सोलून काढायचा, गुंडाळायचा, घरी न्यायचा. शाईचा एक थेंबही दगडाला लागता कामा नये. लागला तर त्या माणसानं दुसरा धंदा बघावा.

हे काम मी परभणी आणि हिंगोली भागात पुष्कळ वर्षं केलं. हिंगोली जिल्हा होण्याआधीपासून. लोकांचा एक प्रश्न ठरलेला असायचा: खजिना कुठं आहे ते लिहिलंय का? नाही म्हटलं की त्यांची खात्री पटायची की आहे, आणि साहेब लपवून राहिले. हट्टा गावात एका घरी लेख असलेला दगड धुणं धुवायला टाकलेला होता. घरच्या बाईंनी मला ठसा घेऊ दिला, पण दगड हलवायचा नाही म्हणाल्या. "अक्षरं हायेत म्हणून तर कपडे निघतात चांगले. गुळगुळीत दगडावर घासलं तर काय व्हतं?" आमच्या खात्याच्या इतिहासात कोरीव लेखाची इतकी मनापासून कदर करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

संपादकांनी असेच गमतीचे अनुभव लिहा म्हणून सांगितलं होतं. तेच लिहायला बसलो होतो. पण गेले कितीतरी दिवस मी बसतो, चार ओळी लिहितो, उठतो, अंगणात जातो, परत येतो. धुण्याचा दगड लिहून झाला की हात एकाच ठिकाणी जायला लागतो. तेव्हा तेच लिहितो.

औंढ्यापासून आत, टेकडीच्या पायथ्याला एक तांडा आहे. नाव देत नाही; नाव छापलं की कुणीतरी तिथं खरवडायला जातं. तांड्यातले लोक आता शेती करतात. पूर्वी त्यांचे वाडवडील बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत, आणि या ठिकाणी त्यांचा मुक्काम पडे. मुक्कामाच्या जागी एक दगडी खांब उभा आहे, चार बाजूंचा, माणसापेक्षा हातभर उंच. त्याच्या तीन बाजूंवर संस्कृत लेख आहे. अक्षरं जुन्या वळणाची, प्रत्येकाच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी ठेवावी तशी. खालच्या ओळींत आडवे गुळगुळीत चरे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या बैल बांधल्यानं दोर घासून पडलेले. एका राजाचा पराक्रम तर बैलानं निम्मा पुसून टाकला आहे.

चौथी बाजू शेंदराखाली होती.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शेंदराचा थर चांगला बोटभर जाड होता. तांड्यातली चाल अशी की घरात लग्न झालं, मूल झालं किंवा माणूस गेलं, की तेलात कालवलेला शेंदूर घेऊन यायचं आणि त्या माणसाचं नाव घेत खांबाच्या त्या बाजूला बोट ओढायचं. हा मान जमनाबाईंच्या घराण्याचा. जमनाबाई तेव्हा साठीच्या असतील. कोपरापर्यंत बांगड्या, डोळे बारीक, आणि तोंड एकदम फटकळ. घरचे लोक शेंदूर आणत, नाव सांगत. बोट त्या ओढत.

मी तीन बाजूंचे ठसे घेत होतो तेव्हा त्या शेजारी बसून बघत होत्या.

"काय करून राहिले हो? देवाला कागद काहून चिकटवता?"

"यावर लिहिलेलं आहे, बाई. ते उतरवून घेतोय."

"काय लिहेल हाय?"

"राजांची नावं. कोण कुणाचा मुलगा, कुणी काय केलं."

"म्हंजे आमच्यासारखंच," त्या म्हणाल्या. "लगीन, लेकरू, मरण."

मी चौथ्या बाजूकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. "ते न्हाई. तीन बाजू तुमच्या, ती आमची. आपोआप सुटला तर बघा. देव कधी कधी अंग सोडतो."

हे खरं आहे. शेंदराचा थर फार जड झाला की एखाद्या पावसाळ्यात तो आपल्या वजनानं सुटून येतो. पण कधी, ते कुणी सांगू शकत नाही. जमनाबाईंच्या सासूच्या हयातीत एकदा सुटला होता म्हणे.

ठसे मी घ्यायचो, वाचायची आमच्या घरातली बाई, म्हणजे माझी बायको. ती हिंगोलीच्या एका शाळेत संस्कृत शिकवायची. सगळी शाळा तिला 'संस्कृतच्या बाई' म्हणायची, म्हणून मीही घरात चेष्टेनं बाईच म्हणायला लागलो आणि तेच राहिलं. आम्ही दोघंही बौद्ध घरातली. आमच्या घरात देव्हारा नाही, शेंदूर नाही. तिनं संस्कृत घेतलं तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी विचारलं होतं, काहून? तिचं उत्तर ठरलेलं होतं. "लिहिणाऱ्यांनी आपल्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते आपण वाचायला नको?" मग हसून म्हणायची, "आणि काही लिहिलंच नसेल तर तेही कळायला नको?"

मलाही संस्कृत येतं, पण नोकरीपुरतं. मी अक्षर ओळखायचो. ओळ ती ऐकायची. जेवणं झाली की पाटपाणी उचलून ती जमिनीवर ठसा पसरायची, चार कोपऱ्यांवर वाट्या ठेवायची आणि उंबऱ्याकडून आतल्या खोलीकडे रांगत वाचत जायची. गुडघ्यांना काळं लागायचं. मी समोर बसून टिपून घ्यायचो.

त्या खांबाचं वाचन बरेच महिने चाललं. घराणं काही मोठं नव्हतं. कुठल्याशा मोठ्या राजाचे मांडलिक. पहिल्या बाजूवर मूळ पुरुष, तो नदीच्या उताराचा रखवालदार असावा असं शब्दांआडून दिसत होतं. पण कवीनं त्याला थेट चंद्राच्या वंशात नेऊन बसवलं होतं. "बघा, रखवालदाराचा नातू राजा झाला आणि आजोबाला चंद्राला चिकटवून टाकलं," ती म्हणायची. दुसऱ्या बाजूवर मुलगा: एक लढाई, एक तळं. लढाईचं वर्णन बैलाच्या दोरीनं खाल्लेलं. तळ्याचं शाबूत. तिसऱ्या बाजूवर नातू. आणि तिसऱ्या बाजूच्या अगदी खालच्या ओळीत शेवटचा श्लोक होता. समुद्रातून चंद्र यावा तसा त्याच्यापासून जन्मला, असं म्हणून ओळ तुटत होती. कोण जन्मला ते नाव पुढं, चौथ्या बाजूच्या वरच्या कडेला असणार होतं.

इथं बाहेरच्या वाचकासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे लेख वृत्तात असतात, आणि वृत्त म्हणजे ठरलेली चाल. शेवटचा श्लोक मालिनी वृत्तात होता. एका चरणात पंधरा अक्षरं. तिसऱ्या बाजूवर त्यातली बारा होती. म्हणजे नाव तीन अक्षरांचं: पहिलं लघु, म्हणजे आखूड, पुढची दोन गुरू, म्हणजे लांब. नाव ठाऊक नसलं तरी नावाचं माप ठाऊक होतं.

मग ती स्वयंपाक करताना नावं बसवून बघायची. महेंद्र, नरेंद्र, सुरेंद्र; संस्कृतात विसर्ग लागून शेवटचं अक्षर गुरू होतं. पोळी तव्यावर टाकून म्हणायची, "समुद्र आला, चंद्र आला, आता नुसतं बाळ यायचं राहिलंय." मी विचारायचो, माझं नाव बसतं का? "तुमचं? तुमचं बसवलं तर श्लोक पडेल." आमची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. ती वैतागून म्हणायची, "आई, मेलाय तो राजा. कधीचाच मेलाय."

"अगं पण जन्मलाय का, तेच तर कळत नाही ना," ती म्हणायची.

दर पावसाळा सरला की मी तांड्यावर एक चक्कर टाकायचो. जमनाबाई लांबूनच ओरडायच्या, "न्हाई सुटला, कागदवाले! घरी जा!" तरी चहा व्हायचा. थर जाड होत चालला होता. दर वर्षी त्यात लग्नं आणि लेकरं येऊन पडत होती.

नंतर बाईची मूत्रपिंडं गेली. आधी एक, मग दुसरं. आठवड्यातून दोनदा नांदेडला रक्त शुद्ध करायला न्यायचं सुरू झालं. पहाटेची गाडी, दिवसभर दवाखाना, संध्याकाळी परत. येताना ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून असायची, आणि मला वाटायचं झोपली. एकदा डोळे न उघडताच म्हणाली, "चौथी बाजू बघायचीय मला."

"सुटला की आणतो."

"मी तोपर्यंत बसून राहू?"

हे ती साधेपणानंच म्हणाली. मला मात्र त्या दिवसापासून स्वस्थता गेली. दवाखान्याच्या बाकावर बसवत नसे. व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचो. आतल्या यंत्राचा आवाज ऐकू यायचा आणि मला वाटायचं, एक बाजू, एकच बाजू, तीही हाताच्या अंतरावर, आणि मधे बोटभर शेंदूर.

त्याच सुमाराला आमच्या कचेरीत नवे साहेब आले. लेख पूर्ण छापायचा असं त्यांनी मनावर घेतलं. अर्धवट वाचन छापणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, खांब सरकारच्या यादीत आहे, शेंदूर काढायचा अधिकार आपल्याला आहे, लागल्यास पोलीस घ्या. पत्रही दिलं. घरी येऊन मी ते बाईला दाखवलं. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. ती म्हणाली, "उद्याच जा."

दुसऱ्या दिवशी मी एका हवालदाराला घेऊन गेलो. तांड्यावर बातमी आधीच पोचली होती. खांबाभोवती माणसं उभी होती, पण कुणी आडवं आलं नाही. जमनाबाई खांबाच्या पायाशी पदर सावरून बसल्या होत्या.

"काढा," त्या म्हणाल्या. "सरकारी कागद हाय, तर काढा. मी काही अडवत न्हाई. फकत एवढंच, जे जे निघंल ते मी सांगत जाते."

मी वरच्या कोपऱ्यात लाकडी चपटी पट्टी लावली. आम्ही लोखंड वापरत नाही. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा निघाला. त्याची कड बघितली. थरावर थर. वरचा भगवा, खालचा विटकरी, त्याखाली काळपट, परत भगवा.

जमनाबाईंनी तो माझ्या तळहातावरून उचलला आणि उन्हात धरला. "हे वरचं शांतीच्या पोराचं. औंदाच झालं. ह्याच्या खाली शांतीचं लगीन. हे काळं हाय न्हं, हे आमच्या माणसाचं. त्या दिवशी शेंदूर बी नीट कालवला न्हवता मी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चला, पुढचं काढा."

हवालदार घसा खाकरून म्हणाला, "साहेब, उन्हं चढून राहिली. काय ते लवकर करा."

मी पट्टी पिशवीत टाकली. का, हे मला नीट सांगता येणार नाही. दया आली म्हणावं तर तसंही नव्हतं. माझं आयुष्य लेख जपण्यात गेलं होतं, आणि तो जो माझ्या हातात आला होता तो लेखच होता. फक्त मला वाचता येत नव्हता.

मी घरी आलो तेव्हा ती उशीला टेकून दाराकडे बघत बसली होती. जमिनीवर जागा झाडून ठेवली होती. चार वाट्या काढून ठेवल्या होत्या.

मी सगळं सांगितलं. ती चिडली. आमच्या संसारात ती अशी चिडलेली मी पाहिली नव्हती. आवाज चढवण्याइतकी शक्ती नव्हती, म्हणून हळू बोलली, ते जास्त लागलं.

"त्यांची लग्नं त्यांच्या ध्यानात आहेत. माझ्या हातात काय आहे? तीन अक्षरं. तीही तुम्ही तिथंच ठेवून आलात."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी नांदेडहून येताना गाडीत अचानक म्हणाली, "किती थर होते?"

"मोजले नाहीत. पुष्कळ."

"आणि तिला सगळे ठाऊक होते?"

"तिनं तीन सांगितले. पुढचेही सांगितले असते."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. रस्त्याच्या कडेनं हळद वाळत घातली होती. मग म्हणाली, "वाचणारी भेटली म्हणायची." राग गेला होता की नाही ते मला कळलं नाही. विचारायचं राहिलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती गेली.

माणूस गेल्यावर घर शांत होतं असं म्हणतात. माझं झालं नाही. मी सारखा काहीतरी शोधत असल्यासारखा खोल्यांतून फिरायचो. रजा संपवून लगेच कामावर गेलो. गावोगाव हिंडलो. आधी घेऊन झालेल्या दगडांचे परत ठसे घेतले. घरी आणून ते जमिनीवर पसरायचो, वाट्या ठेवायचो आणि उभा राहायचो. अक्षर अन् अक्षर कळायचं. ओळ ऐकू यायची नाही. मुलगी पुण्याहून यायची, म्हणायची, "बाबा, बसा ना जरा." मी बसायचो, परत उठायचो.

पुढच्या वर्षी श्रावणात सकाळी फोन आला. जमनाबाईंचा जावई औंढ्याहून बोलत होता. "कागदवाले साहेब का? मामीनं सांगितलं हाय, खांबानं अंग सोडलं. दिवस मावळायच्या आत या."

दिवस मावळायच्या आत, यालाही कारण होतं. खांब उघडा पडला की त्या रात्रीत तो तसा राहू द्यायचा नाही, ही तांड्याची चाल. सूर्य बुडण्याआधी पहिलं बोट ओढायचंच.

मी ब्रश, शाई, कागद घेतला आणि डेपोवर धावलो. औंढ्याची गाडी लागली होती, पण सुटेना. कंडक्टर कुणाशी तरी बोलत होता. मी दोनदा खाली उतरलो, दोनदा चढलो. आभाळ भरून आलं होतं. असल्या हवेत कागद वाळत नाही. वाळला नाही तर शाई पसरते, आणि ठसा म्हणजे नुसता डाग होतो. गाडी चालू झाली तेव्हा मी मनात तीन अक्षरं म्हणत होतो. महेंद्र. नरेंद्र. मला वाटत होतं, आता नाव कळलं तर ते सांगायचं कुणाला?

फाट्यावर उतरून चिखलातून तांड्यावर पोचलो. शेंदराची खोळ जवळजवळ अखंड सुटली होती. ती पांढऱ्या धडप्यावर ठेवली होती, ओढ्यात सोडायला. आतली बाजू वर होती. दगडाला चिकटून बसलेल्या खोळीवर अक्षरं उलटी उमटायला हवीत, फुगीर. मी गुडघ्यांवर बसलो. अक्षर नव्हतं. बारीक बारीक आडव्या कडा तेवढ्या दिसत होत्या, एकीखाली एक.

मला वाटलं, तेल मुरून अक्षरं भरली असतील. उठलो आणि खांब धुवायला लागलो. पाणी, ब्रश, परत पाणी. बायका घागरी आणून देत होत्या. मी घासतच होतो.

"अवो, साल काढता का त्याची?" जमनाबाई म्हणाल्या. त्या आता वाकल्या होत्या, पण तोंड तसंच होतं.

मी थांबलो. चौथी बाजू माझ्यासमोर ओली, काळी, स्वच्छ उभी होती. वरपासून खालपर्यंत रेघा आखलेल्या होत्या. कारागीर अक्षरं कोरण्याआधी आखतो तशा, सरळ, सारख्या अंतरावर. रेघांमध्ये काही नव्हतं. टाकीचा एक घावही पडलेला नव्हता.

"काय निघालं?" जमनाबाईंनी विचारलं.

"काही नाही, माय. नुसत्या रेघा."

"लिहेलच न्हाई?"

"नाही. लिहायचं होतं. राहिलं."

"काहून?"

मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. मुलगा जन्मला आणि लढाईत गेला असेल. जन्मलाच नसेल, आणि कवीनं आशेनं श्लोक रचून ठेवला असेल. कारागिराला दुसरं काम मिळालं असेल. बाई असती तर तिनं दहा कारणं काढली असती आणि दहाही जमिनीवर रांगत तपासली असती. मी एवढंच म्हणालो, "पुढच्या राजांसाठी जागा ठेवली होती. ते आलेच नाहीत."

जमनाबाईंनी खांबाकडे पाहिलं, खोळीकडे पाहिलं. "आमी आलो की," त्या म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

तेव्हा एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. आम्ही सगळे शिकलेले लोक इतकी वर्षं धरून चाललो होतो की झाकलेल्या बाजूवर काहीतरी मोठं असणार. पण शेंदूर लावायचा तर माणूस सपाट जागाच बघतो. ज्यांनी पहिलं बोट ओढलं त्यांनी चारी बाजू फिरून, लिहिलेल्या सोडून, रिकामी तेवढी घेतली होती.

मी तरी ठसा घेतला. पाऊस भुरभुरत होता. तांड्यातल्या लोकांनी वर ताडपत्री धरली, दोघींनी शेगडीत निखारे आणून कागदाजवळ धरले. कागद वाळता वाळेना. जावई सारखा मावळतीकडे बघत होता. "सायब, काहीच न्हाई त्याच्यावर, अन्‌ एवढी तकलीफ?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, आहे ते न्यायचं, एवढंच आमचं काम. शाई टेकवत गेलो. काळ्या कागदावर पांढऱ्या रेघा उमटल्या, वहीच्या कोऱ्या पानासारख्या. दगडाला शाई लागू दिली नाही. सोलून काढला, गुंडाळला. तोवर ढगांखालून पश्चिमेकडे थोडा तांबूस उजेड आला होता.

जमनाबाई वाटीत शेंदूर कालवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घरून कोनी आलं न्हाई संगं? ते तुमच्या बाई वाचायच्या म्हनत होते न्हं तुमी."

"त्या गेल्या, माय. मागच्या वर्षी, उन्हाळ्यात."

त्यांचा हात थांबला. मग परत कालवायला लागल्या. "मंग पहिलं बोट त्यांचं. नाव सांगा."

"आमच्यात शेंदूर लावत नाहीत."

"तुमाला कुठं लावा म्हनलं? लावनार मी. तुमी वाटी धरा. माझा हात कापतो आता."

वाटी त्यांनी माझ्या हातात दिली. पितळेची, कोमट, तेलानं निसरडी. मी ती दोन्ही हातांनी धरली. दिवसभरात पहिल्यांदा मी एका जागी उभा होतो.

"नाव सांगा की. दिवस चालला."

शाळेत बाई, घरात बाई. ते नाव मोठ्यानं घेऊन मला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक.

"सुनंदा," मी म्हणालो.

जमनाबाईंनी बोट वाटीत बुडवलं, टाचा उंचावल्या आणि सगळ्यात वरच्या रेघेच्या सुरुवातीला, तिसऱ्या बाजूची ओळ जिथं वळून यायची होती तिथं, ते टेकवलं. मग तेच नाव घेत बोट उजवीकडे ओढत नेलं.